‘लिहिलें’ म्हणण्याचा अधिकार

एखादें काम झालें असें म्हणण्याचा अधिकार माणसास केव्हां प्राप्त होतो? प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. शिंप्यानें सदरा ‘झाला’ म्हणावें, वकिलानें अर्ज ‘दाखल केला’ म्हणावें, मुलानें धडा ‘पाठ केला’ म्हणावें, आणि या प्रत्येकाच्या मनांत त्या क्रियापदाचा काळ थोडा थोडा निराळा असावा, हें आपल्या रोजच्या अनुभवाचें आहे. व्याकरणाच्या दृष्टीनें काम एक तर झालें, नाहीं तर झालें नाहीं. व्यवहारांत मात्र ‘होत आलें’, ‘होईलच’, ‘झाल्यासारखेंच आहे’ असे ‘झालें’ या शब्दाचे अनेक पोटभेद बिनतक्रार चालतात. या पोटभेदांची नैतिक बाजू मला प्रथम स्पष्ट दिसली ती एका अगदींच रूक्ष ठिकाणीं: जुना संगणक बंद करतांना त्याच्या पडद्यावर हार्ड डिस्कविषयीं जी तक्रार उमटते, तिच्या कारणांचा शोध घेतांना.

ज्यांच्या घरीं पंधरा-वीस वर्षांपूर्वींचा संगणक अद्याप टिकून आहे त्यांना हा प्रसंग ठाऊक असेल. अशीं घरें वाटतात त्याहून अधिक आहेत. कारण श्रीलिपी, आय.एस.एम. यांसारख्या साधनांनीं युनिकोडपूर्व काळांत टंकलेला मराठी मजकूर, जुन्या हिशेबांच्या प्रणाली, एखादा जुना प्रिंटर, हीं मंडळी नव्या यंत्रावर सुखानें नांदत नाहींत. दिवसभर तो संगणक निमूटपणें राबतो. पत्र लिहावें, ‘सेव्ह’ म्हणावें, तो ‘झालें’ म्हणतो. रात्रीं निजण्याच्या वेळीं ‘शटडाउन’ची आज्ञा करावी, आणि पडदा काळा होण्याऐवजीं एक चौकट उगवावी: अमुक फाइलचा सर्व मजकूर जतन करतां आला नाहीं, तो नष्ट झाला आहे. विंडोज २००० आणि त्यानंतर २००१ सालीं आलेली विंडोज एक्स्पी यांच्या काळांत ही वार्ता ‘डिलेड राइट फेल्ड’, म्हणजे लांबणीवर टाकलेलें लेखन फसलें, अशा मथळ्याखालीं येत असे. चौकटीच्या तळाशीं बटण बहुधा एकच, ‘ओके’. नुकसान झालें, तें भरून येणार नाहीं, आणि त्यावर आपण म्हणावयाचें काय, तर ‘ठीक आहे’! संमति मागितल्याचा देखावा करून पर्याय मुळींच न ठेवण्याची ही रीत माणसांच्या कचेऱ्यांतूनच यंत्रांत शिरली असावी.

ही चौकट नेमकी निरोपाच्या घटकेलाच कां येते, याचें उत्तर यंत्राच्या घडणींत आहे. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि त्यांवरून एक दांडी आपलें इवलेंसें टोंक, ज्याला हेड म्हणतात, मागें-पुढें नेऊन लिहिते व वाचते. ७२०० फेऱ्यांच्या गतीनेंही एका फेऱ्याला सुमारें ८ मिलिसेकंद लागतात. आपल्याला हा काळ म्हणजे कांहींच नव्हे. पण त्याच संगणकाच्या स्मृतीला तेवढ्या अवधींत हजारों नोंदी करतां येतात. तेव्हां दर खेपेस तबकडीची वाट पाहत बसण्यापेक्षां लिहावयाचें तें स्मृतींत ठेवावें, मालकाला ‘लिहिलें’ म्हणून मोकळें करावें, आणि मागाहून सवडीनें, चार कामें एकत्र करून, तें तबकडीवर उतरवावें, अशी वहिवाट फार पूर्वीं पडली. डिस्कच्या अंगींही स्वतःची एक लहान स्मृति असते, आणि तीही हाच व्यवहार पुन्हां एकदां करते. म्हणजे आपण ‘सेव्ह’ म्हटलें कीं मजकूर एका उधारींतून दुसऱ्या उधारींत जातो. यंत्र बंद झालें कीं वीज जाणार, विजेबरोबर स्मृति जाणार. म्हणून त्या घटकेला सर्व उधारी एकदम वसूल करावी लागते. दिवाळींत वहीपूजनाच्या आधीं दुकानदार येणीं-देणीं काढून बसतो त्यांतलाच हा प्रकार. दिवसभर ज्या दोषावर पांघरूण होतें तो या वसुलींत उघडा पडतो. तक्रार रात्रीं आली म्हणून दोष रात्रीं उत्पन्न झाला असें नव्हे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मजकूर केवळ स्मृतींत असतांना ‘लिहिलें’ म्हणणें हें असत्य आहे काय?

येथें कोणासही धर्मराजाची गोष्ट आठवेल. अश्वत्थामा नांवाचा हत्ती मेला होता हें खरें. द्रोणाचार्यांनीं ऐकलें तें निराळें. आणि ते तसें ऐकतील हें बोलणारा जाणून होता. महाभारतकारांनीं या वचनाचें फळ सांगितलें आहे तें मोठें मार्मिक आहे: भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. हार्ड डिस्कचें हेडही तबकडीला न टेकतां हवेच्या पातळ थरावर तरंगत असतें. अलीकडच्या डिस्कांत हें अंतर अवघें कांहीं नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारों हिश्शानें लहान असतें, आणि फिरत्या तबकडीवर तें आदळलें कीं सर्वनाश ठरलेला. साम्य केवळ योगायोगाचें आहे, त्यावर मी कांहीं उभारूं इच्छीत नाहीं. परंतु धर्मराजाच्या उदाहरणाचा खरा उपयोग निराळा आहे. वाक्य खरें कीं खोटें हें बोलणाऱ्याच्या मनांतील अर्थावरून सर्वस्वीं ठरत नाहीं. ऐकणारा त्यावर विसंबून काय करणार आहे, हेंही त्यांत धरावें लागतें. यंत्र ‘लिहिलें’ म्हणतें तेव्हां ऐकणारा हातांतलें टिपण फाडून टाकतो, पेनड्राइव्ह उपटून खिशांत घालतो, भिंतीवरचें बटण खालीं पाडतो. शब्दाचा अर्थ त्याच्यापुरता या कृतींत आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाकाऊ नाहीं. प्रत्येक अक्षर तबकडीवर उतरेपर्यंत मालकाला ताटकळत ठेवणारें यंत्र कोणीही घरांत ठेवणार नाहीं. मीही ठेवणार नाहीं. विलंब हा दोष नव्हे, उधारी हाही दोष नव्हे. जगांतील बराचसा प्रामाणिक व्यवहार उधारीवरच चालतो. दोष आहे तो दोन निराळ्या गोष्टींना एकच शब्द लावण्यांत. पूर्वीं टपालकचेरींत रजिस्टर पत्र टाकलें कीं त्याची पावती हातीं पडे. आणि पत्र ज्याला लिहिलें त्याची सही घेऊन पोंचपावती मागाहून येई. पहिल्या पावतीचा अर्थ ‘घेतलें’, दुसरीचा अर्थ ‘पोंचलें’. दोहोंमध्यें आठ दिवस गेले तरी त्यांत फसवणूक नव्हती, कारण दोन कागद निराळे होते. संगणकानें ‘घेतलें’ याच्या जागीं ‘पोंचलें’ हा शिक्का मारला, एवढीच माझी तक्रार आहे.

ही तक्रार यंत्र घडविणाऱ्यांच्याही लक्षांत आली, आणि त्यांनीं जो उपाय शोधला तो आपल्या पेढीवरच्या कारकुनाला ऐकून आश्चर्य वाटलें नसतें. कारकून व्यवहार घडतांच प्रथम कीर्दींत टांचण करी, आणि मग सवडीनें खतावणींत ज्याच्या त्याच्या खातीं मांडी. खतावणी करतां करतां दिवा मालवला तरी अनर्थ होत नसे; कीर्द शाबूत असली म्हणजे खतावणी पुन्हां उभी करतां येई. १९९३ सालीं विंडोज एन्‌टीबरोबर आलेली एन्‌टीएफ्‌एस ही फाइलरचना आणि लिनक्सवर २००१ च्या सुमारास रूढ झालेली ईएक्स्‌टी-३ यांत नेमकी हीच युक्ति आहे. होऊं घातलेल्या फेरबदलाची नोंद आधीं एका छोट्या रोजनिशींत करावयाची, मग प्रत्यक्ष फेरबदल. महाराष्ट्रांत २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत ज्यांनीं तासांचें तास भारनियमन सोसलें, त्यांच्या घरच्या यंत्रांना या कीर्दीनें अनेकदां तारलें असेल. परंतु तिची मर्यादाही लक्षांत ठेवावी. एन्‌टीएफ्‌एस‌ची कीर्द घराची मांडणी सांभाळते, घरांतील माणसें नव्हेत: कोणती फाइल कोठें आहे याची व्यवस्था ती परत लावून देते, फाइलच्या आंतील तुमचीं वाक्यें वांचलींच असतील अशी हमी ती देत नाहीं.

घाई वाढली कीं सत्य कसें मागें पडतें याचें एक उदाहरण विंडोज ९८ च्या वेळचें आहे. त्यापूर्वीं, १९९५ च्या विंडोजमध्यें, यंत्र सर्व आवराआवर करून शेवटीं काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सांगे कीं आतां संगणक बंद करण्यास हरकत नाहीं. आणि मग मालक आपल्या हातानें बटण दाबी. पुढें नव्या जातीचे पॉवर सप्लाय आले, यंत्र आपलें आपणच वीज तोडूं लागलें, आणि तें वाक्य व्यवहारांतून गेलें. सोय झाली खरी. पण कांहीं वेगवान संगणकांत असें आढळून आलें कीं विंडोज आपलें काम संपवून इतक्या तांतडीनें वीज तोडते कीं डिस्कच्या स्वतःच्या स्मृतींतील मजकूर तबकडीवर उतरावयाचा राहूनच जातो. दुसऱ्या दिवशीं यंत्र चालू करावें तों तें आपल्यालाच दटावी कीं तुम्ही काल नीट बंद केलें नाहीं! मायक्रोसॉफ्टला यासाठीं एक दुरुस्ती काढावी लागली. तिचें सार एवढेंच, कीं निघण्यापूर्वीं अंमळ थांबावें.

याहूनही मला अधिक विचार करावयास लावणारी हकीकत २०१८ सालची आहे. पोस्टग्रेस नांवाची माहितीसंग्रहाची एक सुप्रसिद्ध प्रणाली आहे. पुष्कळ पेढ्या व कार्यालयें तिच्यावर विसंबतात. ती मधून मधून लिनक्सला विचारी, ‘मीं दिलेलें सर्व तबकडीवर खरोखर उतरलें काय?’ या प्रश्नासाठीं एक खास आज्ञाच आहे. लेखन फसलें असेल तर लिनक्स ‘नाहीं’ असें प्रामाणिकपणें सांगे, पण एकदांच. त्यानंतर तो फसलेला मजकूर आपल्या बाजूनें निकालांत काढी, आणि पोस्टग्रेसनें तोच प्रश्न पुन्हां केला कीं उत्तर येई, ‘होय, सर्व ठीक आहे.’ विचारणाऱ्याचा समज असा, कीं दुसऱ्या खेपेस ‘होय’ आलें त्या अर्थीं मधल्या वेळांत काम झालें. सांगणाऱ्याचा समज असा, कीं वाईट बातमी आपण एकदां कळविली, आपली जबाबदारी संपली. वर्षानुवर्षें हा गैरसमज कोणाच्या ध्यानांत आला नव्हता. शेवटीं २०१९ च्या आरंभीं पोस्टग्रेसच्या कर्त्यांनीं आपली रीत बदलली. आतां पहिला नकार कानीं येतांच ती प्रणाली दुसऱ्यांदा विचारीतच नाहीं. ती तेथल्या तेथें थांबते आणि आपल्या कीर्दीवरून सर्व पुन्हां उभारते. एकदां सांगून मोकळे होणारे आणि दुसऱ्यांदा विचारून समाधान करून घेणारे, असे दोघे एकत्र आले म्हणजे काय होतें, हें मोठ्या कुटुंबांत वावरलेल्या वाचकांस मीं समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

मग अशी चौकट घरच्या संगणकावर आली तर करावें काय? बहुतेक लोक ‘ओके’ दाबून निजतात. जे थोडे जिज्ञासु असतात ते लगेच तपासणीची आज्ञा सोडतात. दोहोंपैकीं दुसरी चूक मला अधिक खेदाची वाटते, कारण ती कर्तव्यबुद्धीनें केलेली असते. विंडोजमधील ‘चेकडिस्क’ नांवाच्या कसून चालणाऱ्या तपासणींत तबकडीचा प्रत्येक भाग वाचून पाहतात. मोठ्या डिस्कला त्यास कित्येक तास लागतात, आणि आधींच धापा टाकणाऱ्या डिस्कला ती धांव शेवटची ठरूं शकते. शिवाय ही तपासणी व्यवस्था लावते ती बेवारशी तुकडे बाजूला काढून; ते तुकडे मग अनामिक फाइलींच्या रूपानें एका कोपऱ्यांत पडून राहतात. म्हणून क्रम असा असावा: जें पुन्हां मिळणार नाहीं त्याची प्रत प्रथम दुसऱ्या जागीं काढावी, कारण मागाहून शोधावें. पुष्कळदां कारण अगदीं क्षुल्लक निघतें. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची कांहीं टिपणें ठेवीत असते, त्यांना ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि तीं वाचणारीं साधनें फुकट मिळतात. त्यांत वाहतुकीतील चुकांचा आंकडा वाढत असेल तर तबकडी बहुधा निर्दोष असून केबल सैल किंवा जीर्ण असते. ती बदलण्यास फार खर्च येत नाहीं. बदललेल्या, म्हणजे राखीव जागीं हलविलेल्या, किंवा वाचतांच न येणाऱ्या भागांचा आंकडा वाढत असेल तर मात्र ती तबकडीचीच झीज समजावी. जुना एसएमपीएस भाराखालीं पुरेसा दाब देत नसेल तरीही हींच लक्षणें दिसतात. एक्स्पीच्या काळांतील एक खोड येथें सांगण्यासारखी आहे: केबलवरून वारंवार चुका होऊं लागल्या कीं ती प्रणाली कोणास न कळवितां डिस्कशीं बोलण्याची जुनी, संथ रीत पत्करी. यंत्र मंद झालें एवढेंच मालकाला दिसे. तो म्हणे, ‘वय झालें.’ सोशिकपणाला आपण सद्गुण मानतों, पण जो सोशिकपणा दुखणें लपवितो त्याला काय म्हणावें याचा विचार व्हावा.

आमच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनीं आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त, सात पिढ्यांचा, जुन्या फॉन्टांत, जुन्या संगणकावर, बारा-तेरा वर्षें खपून टंकला आहे. ज्यांच्याकडून माहिती मिळाली त्यांपैकीं बहुतेक आतां नाहींत. यंत्र रोज रात्रीं बंद होतांना तक्रार करूं लागलें तेव्हां त्यांनीं एका दुरुस्तीवाल्यास बोलाविलें. त्यानें टिपणें उघडून पाहिलीं, मान हलविली आणि म्हणाला, “काका, चालतंय तोवर चालूं द्या. माझ्याकडे अशा मशिनी वर्ष-वर्ष चालल्यात.”

“अरे, पण हें रोज काय म्हणतंय तें तरी सांगशील?”

“जुन्या मशिनींत येतं तें, काका. ओके करा आणि निवांत झोपा.”

हा मनुष्य खोटें बोलला असें मी म्हणत नाहीं, आणि येथेंच प्रश्न बिकट होतो. गूगल कंपनीच्या अभ्यासकांनीं आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कांचा इतिहास तपासून २००७ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत असें दिसून आलें कीं वाचण्यांतील पहिली चूक नोंदली गेल्यावर पुढील ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो. हा आंकडा भयंकर वाटतो. पण मूळचा संभवच लहान असल्यामुळें चूक नोंदल्यावरही अनेक डिस्का पुढें बराच काळ चालतात. म्हणजे दुरुस्तीवाल्याचा अनुभव खरा होता. भाकीत म्हणून त्याचें वाक्य खोडतां येत नाहीं. सल्ला म्हणून मात्र तें अक्षम्य होतें. कारण सल्ल्यांत संभवाबरोबर पारड्यांत दोहों बाजूंस काय आहे हेंही तोलावें लागतें. एका बाजूस एक संध्याकाळ आणि थोडे रुपये. दुसऱ्या बाजूस मेलेल्या माणसांनीं सांगितलेल्या आठवणी. त्याच निबंधांत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो: ज्या डिस्का निकामी झाल्या त्यांपैकीं ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या टिपणांत महत्त्वाच्या चार लक्षणांपैकीं एकही दिसलें नव्हतें. अर्ध्याहून अधिक यंत्रें चकार शब्द न काढतां गेलीं. या हिशेबानें पाहिलें तर रोज रात्रीं बोलून दाखविणारें आमच्या शेजाऱ्यांचें यंत्र उपकारकर्तेंच म्हणावें लागेल, आणि “ओके करा” म्हणणाऱ्यानें त्या उपकाराचें तोंड दाबलें.

त्या दुरुस्तीवाल्याच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं वृद्ध माणसाला घाबरवूं नये अशी त्याची भावना असावी. ही भावना आपल्या समाजांत फार खोल रुजलेली आहे. दवाखान्यांत, न्यायालयांत, परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं आपण तिला दया म्हणतों. परंतु ज्या बातमीवर अद्याप कांहीं करतां येण्यासारखें आहे ती, आणि जिच्यावर कांहींच करतां येण्यासारखें नाहीं ती, यांना एकच नियम लावतां कामा नये. दुसरी बातमी सौम्य करावी, पुढें ढकलावी, प्रसंगीं गिळावी. त्याविषयीं मतभेद होऊं शकतील. पहिली बातमी दडपणें म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातांतील वेळ काढून घेणें होय, आणि तो वेळ आपला नसतो.

शेजाऱ्यांच्या सुनेनें दुसऱ्या एका जाणत्या गृहस्थास आणून दोन संध्याकाळीं सर्व मजकूर, आणि त्याबरोबर ते जुने फॉन्टही, नव्या डिस्कवर उतरवून घेतले. फॉन्ट घेतले नसते तर प्रत असूनही वाचतां आली नसती. मग युनिकोडांत रूपांतर करण्याचा उद्योग सुरू झाला. त्या जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असे. रूपांतर करतांना तीं कांहीं ठिकाणीं भलत्याच अक्षरावर जाऊन बसलीं आहेत. गुरुजी रोज सकाळीं चष्मा लावून तीं एकेक जागच्या जागीं नेऊन बसवितात. गेल्या आठवड्यापर्यंत ते चौथ्या पिढीपर्यंत आले होते.